अर्ध्या तासाचा अर्ज

माणसाचं हृदय परवानगीशिवाय चालतं, ही प्रशासनाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. बाकीच्या शरीराला चालायचं असेल तर मात्र रीतसर अर्ज लागतो.

आवक-जावक टेबलावरच्या बाईंना हे एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. अख्खं ऑफिस त्यांना आवकबाई म्हणायचं. पाळी हुलकावण्या देत होती, भर बैठकीत अंगातून वाफा निघत होत्या, आणि साखर व रक्तदाब संगनमताने वर सरकू लागले होते.

"औषध अजून नको," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण रोज अर्धा तास भरभर चाला, थोडी वजनं उचला. आता हाडं आणि हृदय दोन्ही सांभाळायची वेळ आहे."

आवकबाई घाबरल्या. त्यांची आई छप्पन्नाव्या वर्षी ओट्यापाशी उभ्या उभ्या गेली होती.

घरी अर्धा तास मागून पाहिला. "जा की, कोणी अडवलंय?" नवरा पेपरामागून म्हणाला. "फक्त माझा चहा, मुलांचे डबे आणि आईचं गरम पाणी तेवढं करून जा." (यालाच कौटुंबिक पाठिंबा म्हणतात.)

सुदैवाने ऑफिसात याच विषयावर एक दूरदर्शी योजना होती: पंचेचाळिशीपुढच्या महिला कर्मचाऱ्यांना व्यायामासाठी रोज अर्धा तास सवलत. तीन वर्षांत तिचा एकदाही गैरवापर झाला नव्हता, कारण एकही अर्ज मंजूर झाला नव्हता. अर्ज चार पानी. रकाना सहा: 'पाळी कायमची बंद होण्याची तारीख (तीस दिवस आधी कळवावी)'. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बारा महिने आली नाही, की मगच शेवटची कोणती ते समजतं.' अर्ज परत आला. शेरा होता: 'संबंधितांकडून लेखी खुलासा घ्यावा.' संबंधित कोण, हे शेऱ्यात नव्हतं.

सह्या सात लागत. आस्थापना शाखा तळमजल्यावर, कल्याण कक्ष चौथ्यावर, शिक्का दुसऱ्यावर आणि शिक्क्याची शाई तिसऱ्यावर. लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी (त्यांना बसायला वेळेवर पोचावं लागतं). त्यात कल्याण अधिकाऱ्यांनी संदर्भासाठी जुने नामंजूर अर्जही मागवले. दोन्ही हातांत एकेक गठ्ठा घेऊन बाई जिने चढू लागल्या. साहेब जागेवर नसत. बाई खाली येत, पुन्हा वर जात. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यालाच धाप लागायची. तिसऱ्या महिन्यात त्या चौथ्यावर पोचून शिपायाला "साहेब आहेत का, की आजही नाहीत?" एवढं सगळं एका दमात विचारू लागल्या.

साडेचार महिन्यांनी, सातवी सही तेवढी बाकी असताना, ताजा तपासणी अहवाल जोडायला सांगण्यात आलं. साखर उतरली होती. रक्तदाब गुण्यागोविंदाने नांदत होता. साहेबांनी अर्ज त्याच दिवशी निकाली काढला: 'प्रकृती उत्तम असल्याने व्यायामाची आवश्यकता दिसून येत नाही.' शिवाय योजनेची पहिली यशस्वी लाभार्थी म्हणून बाईंचा सत्कार झाला आणि त्यांना लिफ्टचा कायमस्वरूपी पास मिळाला.

बाई लिफ्टने खाली आल्या. अकरा सेकंद लागले. तेवढ्यात त्यांना आईचा ओटा आठवला. जागेवर येऊन त्यांनी पास ड्रॉवरच्या तळाशी टाकला, कोरा अर्ज घेतला आणि रकाना सहामध्ये ठळक अक्षरांत लिहिलं: 'पुढचा मंगळवार.'

सध्या त्या ऑफिसात नऊ बायका रोज चुकीचे अर्ज आणि जुने गठ्ठे घेऊन जिन्यात असतात. एखादा अर्ज चुकून मंजूर होऊ नये म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून जपतात.

वाचकहो, हसलात ना त्या ऑफिसला? हसायलाच हवं. फक्त तुमच्या घरातल्या बाईंनी अर्धा तास कधी मागितला होता, ते जरा आठवून पाहा. तो अर्ज तोंडी होता. सही एकच लागत होती. "जा की, कोणी अडवलंय?" असं तुम्ही मोठ्या मनाने म्हणालात, आणि त्यापुढे 'फक्त' म्हणून जे काय म्हणालात, ते त्यांना अजून पाठ आहे.