टोपीवरची फांदी

मित्रावर उपकार कसा करावा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं. गाजावाजा नाही, वाच्यता नाही, ज्याच्यावर उपकार झाला त्याला पत्ताही लागत नाही. नामिबियात मी सेव्हरिनवर असाच एक उपकार केला आणि पोटात ठेवला. तब्बल तीन दिवस ठेवला. तीन दिवस म्हणजे काही थोडेथोडके झाले का?

सेव्हरिन आणि मी बव्हेरियातल्या एकाच गावचे. चव्वेचाळीस वर्षं एकाच रानात शिकार करतोय. म्हणजे शिकार तो करतो, मी त्याची दुर्बीण सांभाळतो. आमच्या गावच्या खानावळीत भिंतीवर अठरा मुंडकी टांगलेली आहेत. त्यातल्या सतरांखाली सेव्हरिनचं नाव आहे. माझं एकच हरीण आहे, तेही संडासाच्या दाराशी, आणि त्याच्या शिंगांना लोक ओले कोट अडकवतात. मला त्याचं काही वाटत नाही. विषय निघाला म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी सेव्हरिनचे हात थरथरायला लागले. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, आणि सेव्हरिनने बंदुकीचा परवाना परत करायचं ठरवलं. कुणी सांगायच्या आधी आपणच उठावं, असा तो माणूस.

"कॉर्बी," तो मला म्हणाला, "एकदा आफ्रिकेत जाऊ. एक कुडू मारतो आणि मग बंदूक खाली ठेवतो."

कुडू म्हणजे घोड्याएवढं, पिळाच्या शिंगांचं हरीण. आम्ही दोघांनी तरुणपणापासून त्याचे फोटो बघत बिअर प्यायली होती. मी म्हणालो, "जाऊ की." मनात म्हटलं, या हातांनी हा कुडू मारणार म्हणजे आंधळ्याने सुईत दोरा ओवण्यातला प्रकार. पण कॉर्बी बरोबर असताना काळजी कसली!

आम्ही उतरलो ते हायकोच्या शिकारीच्या कुरणावर. हायको चाळिशीचा, तिथलाच, आजोबांच्या काळापासून जर्मन बोलणारा. आमच्या शिकाऱ्यांत अहो-जाहो चालत नाही, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला तो आम्हा सत्तरीच्या माणसांना अरे-तुरे करायला लागला. त्याच्याबरोबर माग काढणारा एलिफास. तो ओवांबो जमातीचा, त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना 'ताते' म्हणतात, म्हणजे बाबा. तेवढाच काय तो मान मिळाला.

आल्या आल्या प्रत्येक पाहुण्याला नेम दाखवावा लागतो. साठ पावलांवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवतात. सेव्हरिनने तीन गोळ्या झाडल्या. पहिली वारुळात गेली, दुसरीचा ठाव लागला नाही आणि तिसरीने पाण्याच्या टाकीचा कान उडवला. खोकं जिथल्या तिथे.

"आज वारा आहे," हायको म्हणाला.

झाडाचं पान हलत नव्हतं. सेव्हरिनने बंदूक खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात खिशात घातले. ते बघून मला खरंच वाईट वाटलं. त्याच क्षणी माझा बेत ठरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एलिफासने कुडू शोधून दिला. काटेरी झाडांच्या पलीकडे, जेमतेम सव्वाशे पावलांवर, मोठा नर उभा होता. हायकोने खांद्यावरची आपली बंदूक सावरत तीन काठ्यांचा टेकू रोवला, सेव्हरिनने त्यावर बंदूक ठेवली. टेकूसकट सगळं थरथरत होतं.

"तू मोज," सेव्हरिन हायकोच्या कानात म्हणाला. "तीनला चाप दाबतो. नाहीतर मी उगाच रेंगाळेन."

मी दहा पावलं डावीकडे एका झाडाआड होतो. हळूच माझी बंदूक उचलली आणि कुडूच्या खांद्यामागे नेम धरला. हायकोने मोजलं, एक, दोन, तीन. कानठळ्या बसल्या. कुडू दोन पावलं चालला आणि खाली बसला, मग आडवा झाला.

मी झटपट बंदूक खांद्याला अडकवली आणि जोरात ओरडलो, "शाब्बास, सेव्हरिन!" इतका खोटा मी उभ्या आयुष्यात ओरडलो नव्हतो.

जवळ गेलो तर कुडूला एकच भोक, अगदी खांद्यामागे. मी नेम धरला होता तिथेच. आमच्यात रीत अशी आहे की मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी फांदी ठेवायची, तो त्याचा शेवटचा घास. दुसरी फांदी त्याच्या रक्तात बुडवायची आणि ज्याची गोळी लागली त्याला सुरीच्या पात्यावरून द्यायची. तो ती टोपीत खोचतो. हायकोने फांदी सेव्हरिनला दिली. मग सगळ्यांनी टोप्या काढून जनावराजवळ गप्प उभं राहायचं, तेही केलं. सेव्हरिनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो आणि मनातून स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ही खुशी संध्याकाळपर्यंत पुरली. फांदी सूर्यास्ताला काढायची असते. सेव्हरिनने काढली नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाही तो ती खोचून आला. सव्वाशे पावलांची नाश्त्याला एकशे ऐंशी झाली, दुपारी अडीचशे. वारा नव्हताच, तोही आता आडवा वाहायला लागला. "हात थरथरत असला तर चाप थरथरीच्या मधल्या क्षणाला दाबायचा," तो हायकोला शिकवत होता. हायको मान डोलवत होता. मी वाळवलेलं मांस चघळत होतो आणि ते अधिकाधिक कडू लागत होतं.

आयत्या बिळावर नागोबा! राबलो मी, फांदी याची. चव्वेचाळीस वर्षं हेच चाललंय, आणि आता तर तो थरथरत्या हातांनीही जिंकत होता.

शेवटच्या रात्री, म्हणजे कुडू पडल्याच्या तिसऱ्या दिवशी, आम्ही शेकोटीपाशी जेवत होतो. एलिफास निखाऱ्यांवर मांस उलटत होता. सेव्हरिनने बिअरचा घोट घेतला आणि प्रेमाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"कॉर्बी, तुझी चूक सांगू? तू चाप ओढतोस. चाप दाबायचा असतो. म्हणून तुझं ते हरीण बिचारं संडासापाशी एकटं राहिलं."

तुम्हीच सांगा, किती सहन करायचं?

"काढ ती फांदी," मी म्हणालो.

"काय?"

"काढ म्हणतो. ती माझी आहे. कुडू मी मारला. तुझ्या हातून खोकं पडत नाही, कुडू काय पडणार? मी झाडामागून तीनला गोळी घातली. तुझी दया आली म्हणून."

हायको घाईघाईने उठला. "कॉर्बी, तू बिअर घे. थंड आहे."

"बिअर नको. गोळी आणा. याच्या गोळ्या शिशाच्या, माझ्या तांब्याच्या. मांसात सापडली असेल ना? आत्ता निकाल लागेल."

"गोळी सापडली नाही," हायको म्हणाला.

"सापडली की," एलिफास मागून म्हणाला. "तूच म्हणालास ना, लपवून ठेव म्हणून."

हायकोने कपाळाला हात लावला. एलिफासने माझ्याकडे पाहिलं. "ताते, खरंच बघायचीय? झाकलेली आहे ती बरी आहे."

"आण," मी गरजलो.

त्याने काड्यापेटी आणली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. गोळी तांब्याची नव्हती. शिशाचीही नव्हती. माझ्या बंदुकीच्या नळीत शिरलीच नसती एवढी ती जाड होती. अशी गोळी त्या कुरणावर एकाच माणसाच्या बंदुकीत चालत होती, आणि तो माणूस जमिनीकडे बघत होता.

"मी पाहुण्यांबरोबर कधीकधी झाडतो," हायको हळूच म्हणाला. "खोकं बघितल्यावर मला वाटलं... जनावर जखमी होऊन पळायला नको. आणि माणूसही."

"मग माझी कुठे गेली?"

"टेकडीवर," एलिफास म्हणाला. "तिथली माकडं अजून खाली उतरलेली नाहीत."

मी सेव्हरिनकडे बघायचं टाळत होतो. पण तो बोलायला लागला.

"माझी गोळी झाडाच्या खोडात घुसली," तो म्हणाला. "साल उडताना मी डोळ्यांनी बघितली. हात माझे आहेत, कॉर्बी, मला त्यांची माहिती नसेल का?"

"मग तीन दिवस फांदी कशाला मिरवलीस?"

"मला वाटलं कुडू तू मारलास. डावीकडून आवाज आला, आणि तू शाब्बास म्हणून ओरडलास, तेही किती वाईट ओरडलास. म्हटलं, कॉर्बीने माझ्यासाठी एवढं केलं आणि गप्प बसला. कॉर्बी, आणि गप्प बसला! मला कळलंय हे तुला कळलं असतं तर तुझा आनंद गेला असता. म्हणून वाट्टेल त्या बढाया मारत होतो." त्याने टोपी काढली. वाळलेली फांदी सोडवायला त्याला बराच वेळ लागला. "कुडूचं काय, नसता मिळाला तरी चाललं असतं. त्या दिवशी मी रडलो ते कुडूसाठी नव्हतं."

त्याने फांदी हायकोला दिली, रीतीप्रमाणे सुरीच्या पात्यावरून, आणि झोपायला गेला. एलिफासने माझं मांस निखाऱ्यावरून काढून ताटात ठेवलं. ते एका बाजूने करपलं होतं.

परतीच्या विमानात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, जागा आधीच ठरलेल्या होत्या. जेवण आलं. लोण्याची ती चिमुकली पुडी सेव्हरिनला उघडेना. एकदा निसटली, दुसऱ्यांदा मांडीवर पडली. मी हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "गावभर सांगशील."

त्याने पाव कोरडाच खाल्ला. मला त्या बोलण्याचा फार राग आला. काय समजतो हा मला, असं म्हणत मी पूर्ण रात्र खिडकीकडे तोंड करून बसलो. गावात कुणाला एक अक्षर सांगायचं नाही, असंही ठरवून टाकलं. आता हे सगळं तुम्हाला लोण्याच्या पुडीसकट सांगून झाल्यावर त्याच्या म्हणण्यात फारशी चूक काढता येत नाही.