धोंड्याच्या महिन्यातला फ्रीज

येडूच्या घोड्यानं आजवर बाजलं वाहिलं, भांडीकुंडी वाहिली, लंगडी मेंढी वाहिली. फ्रीज मात्र तो पहिल्यांदाच वाहत होता. माढ्याच्या फाट्यापासून मेंढरं बसवलेल्या रानापर्यंत येईतो त्यानं दोन-तीनदा मान वळवून पाठीवर काय आहे ते बघितलं. येडूनं दर वेळी नजर चुकवली. जावई यायचाय म्हणून हे सगळं चाललंय, हे घोड्याला कसं सांगणार?

पण कारण तेच होतं. मागच्या धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, जावई आदिनाथ सोलापुरातनं जेवायला आला, कोमट पाण्याचा एक घोट घेतला, आंबलेल्या श्रीखंडाला बोट लावलं आणि भरल्या ताटावरून उठला. बोलला काहीच नाही. बोलायचं काम त्याच्या आईनं अंगावर घेतलं आणि ते आजतागायत चालू ठेवलं. ‘तुझ्या माहेरी गार पाणीसुद्धा मिळत नाही,’ हे लेकीला, प्रियंकाला, रोज चहाबरोबर ऐकायला मिळायचं. आता ह्या धोंड्यालाही जावई उठला तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत पोरीची सुटका नव्हती. तिचा फोन वाजला की येडू तो आधी बायकोच्या हातात द्यायचा.

फ्रीज पुतण्याचा, युवराजचा. तो उजनीच्या काठावर पुण्याच्या लोकांना तंबूत झोपवून पैसे घ्यायचा. येडूला हा धंदा कधी कळलाच नाही. मेंढरांमागं जन्मभर उघड्यावर झोपून त्याची कंबर गेली होती, आणि त्याबद्दल कुणी त्याला साधा चहा पाजला नव्हता.

“तात्या, लई सोपं हाय,” युवराज म्हणाला होता. “ही पेटी सावलीत ठिवायची, ही सोलरची काच उन्हात. मधी बॅटरी. ह्याला निस्तं ऊन लागतंय बगा.”

“उन्हाची काय टंचाई हाय व्हय आपल्याकडं,” येडू म्हणाला, आणि मनापासून हसला. ते त्याचं त्या आठवड्यातलं शेवटचं हसू.

रानात झाड एकच, लिंबाचं. वायर जेमतेम दोन हात. म्हणून पेटी सावलीच्या कडेला ठेवली आणि काच उन्हाच्या कडेला. पेटीत श्रीखंडाचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून येडू घोंगडीवर टेकतो न टेकतो तोच सावली सरकली. काच सावलीत आली, पेटी उन्हात. त्यानं दोन्ही सरकवलं. परत टेकला. परत सरकवलं. मेंढरांमागं पळणं परवडलं, ती निदान हाक मारली की थांबतात. सूर्याला हाक कोण मारणार?

दुपारी ऊन चढलं तशी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. ज्यांना पोट मिळालं नाही त्यांनी काचेखालची सावली हेरली. दहा-बारा डोकी एकदम आत शिरली आणि काच पालथी पडली. फुटली नाही, एवढंच नशीब.

तेवढ्यात रानाचा मालक चनमल्लप्पा आला. मेंढरं बसवून त्याच्या रानाला खत मिळत होतं आणि येडूला धान्य. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

“येडूबा, तुझ्याकडं लाईट हाय म्हनं. जरा मोबाईल लाव की.”

मोबाईल लागला. मग त्याच्या भावाचा लागला. मग एक टॉर्च, मग दुसरी. शिवाय चनमल्लप्पानं स्वतःची पाण्याची बाटली पेटीत ठेवली आणि ती गार झाली का हे बघायला तो घडीघडी झाकण उघडू लागला.

“आवो, झाकान उगडू नगा,” येडू कसाबसा म्हणाला.

“मग गार झाल्यालं कळायचं कसं?” चनमल्लप्पानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी येडूची बायको सोनाबाई सांडग्यांचं पीठ घेऊन आली. लेक सासरी रिकाम्या हातानं कशी जाणार? तिनं इकडं तिकडं बघितलं आणि काचेवर ओळीनं सांडगे घालायला बसली.

“आगं, त्येच्यावर कशाला?”

“येवडी सपाट, सोच्छ जागा कुटं घावती रानात? खाली मेंढरं तोंड घालत्यात. आन ही तापतीय बी चांगली.”

येडूनं विचार केला. युवराजनं काच उन्हात ठेवायला सांगितली होती. ती उन्हातच होती. वर काही ठेवू नका, असं तो कुठं म्हणाला होता? आणि सांडगे खरोखरच सुरेख वाळत होते. शेवटच्या दोन ओळी येडूनं स्वतःच्या हातानं घातल्या. संध्याकाळी पेटीवरचा हिरवा दिवा लाल झाला. लाल म्हणजे जोरात चालू असेल, असं म्हणून तो निजला.

सकाळी जावई आला. आदिनाथ सोलापुरात एसी असलेल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचा. मोटारसायकलवरनं उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मागं प्रियंका. तिचं लक्ष पहिल्यांदा आईकडं नाही, पेटीकडं गेलं.

पाय धुवायला पाणी झालं, घोंगडी झाली. मग आदिनाथ म्हणाला, “मामा, जरा पाणी.”

येडूनं झाकण उघडलं. आतनं वाफ आल्यासारखी गरम हवा आली. श्रीखंडाचा डबा टम्म फुगला होता. बाटलीला हात लावला आणि त्याला कळलं की दोन दिवसांची उठाठेव पाण्यात गेली. तो थकून खालीच बसला.

“गार न्हाय झालं, पाव्हणं,” तो म्हणाला. “लई केलं, पर न्हाय झालं.”

प्रियंकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आदिनाथनं पेटीत बघितलं. मग बॅटरीला लोंबणाऱ्या मोबाईलच्या जाळ्याकडं बघितलं, मग काचेकडं.

“सोलरवर सांडगे कुणी घातलेत?”

“मी,” सोनाबाई म्हणाली.

“मी बी,” येडू म्हणाला.

आदिनाथ उठला. झालं, येडूनं डोळे मिटले. मोटारसायकलचा आवाज ऐकायचा म्हणून तो कान देऊन बसला; आवाज काही येईना. डोळे उघडून बघतो तर जावई काचेपुढं उकिडवा बसून एकेक सांडगा उचलून शेजारी पसरलेल्या धोतरावर ठेवतोय.

“पाव्हणं, आवो तुमी बसा. जावयानं काडी उचलू न्हाई सासुरवाडीला. लोक आमच्या तोंडात शेन घालतील.”

“मामा, तुम्ही बाजूला व्हा.”

त्यानं काच ओल्या फडक्यानं पुसली, दगडं लावून सूर्याकडं तोंड करून बसवली. सगळे मोबाईल काढून, ते न्यायला आलेल्या चनमल्लप्पाच्या ओंजळीत दिले. “संध्याकाळपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही,” असं त्यानं मालकालाच बजावलं, आणि मालक चक्क “बरं” म्हणाला. मग येडूची काठी घेऊन तो मेंढरं हाकलत काचेजवळ बसला. ताट तिथंच गेलं. पुरणाचे कढत धोंडे, कोमट पाणी, सगळं त्यानं काचेवरची नजर न काढता संपवलं.

दिवस कलता कलता बाटली गार झाली. पहिला पेला त्यानं येडूच्या हातात दिला. येडूची दाढ ठणकली, पण तो मिटक्या मारत प्यायला. तिकडं प्रियंका आईच्या मांडीवर डोकं ठेवून कशावरनं तरी खदखदून हसत होती. तिचं हे हसू येडूनं लग्नानंतर ऐकलंच नव्हतं.

“सकाळी निगताय न्हवं, पाव्हणं?” त्यानं समाधानानं विचारलं.

“नाही जमायचं, मामा. बॅटरी पूर्ण भरायला हवी. दुकानात कळवलंय, ताप आलाय म्हणून.” आदिनाथनं काचेवरची धूळ बोटानं पुसली. “तिथं दिवसभर मालक शिकवतो, घरी आई. हितं कुणी मधी बोलत नाही. फ्रीज हितं हाय तवर मी बी हाय.”

येडूच्या डोळ्यांपुढं जावयासाठी रोजचं पुरण उभं राहिलं. परवा मेंढरांचा तळ दुसऱ्या रानात हलवायचा होता. म्हणजे घोड्यावर फ्रीज आणि शेजारी जावई. तो हळूच लिंबामागं गेला आणि युवराजला फोन लावला.

“तुजी पेटी न्हे बाबा उद्या.”

“राहू द्या की तात्या. माजा सीझन संपला. दिवाळीपातुर वापरा.”

“काय म्हणतोय युवराज?” काचेजवळनं आदिनाथनं विचारलं.

उद्या नेतो म्हणतोय, एवढंच तोंडातून काढायचं होतं. येडूनं तोंड उघडलंही. पण आईच्या मांडीवरनं प्रियंकानं डोकं उचललं होतं आणि ती श्वास रोखून बापाकडं बघत होती.

“दिवाळीपातुर ठिवा म्हनतोय,” येडू म्हणाला. मग सोनाबाईकडं वळून दमलेल्या आवाजात म्हणाला, “आगं, उद्याला डाळ जरा जास्तच शिजत घाल.”