फणसळकरकाकांचा ठिपका

ज्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे, त्यानं फणसळकरकाकांना घरी बोलवण्याआधी नीट विचार करावा. काका दारात बूट काढतील, चष्मा पुसतील आणि तुम्ही चहाचं विचारायच्या आत खिशातलं बॉलपेन काढून तुमच्या हिंदी महासागरात एक निळा ठिपका देऊन मोकळे होतील. परवानगीचं वगैरे विचारलंत, तर उत्तर तयार : "तुमच्या नकाशावाल्यानं ते बेट गाळताना माझी घेतली होती?"

अमेरिकेतल्या आयसेलिन गावातल्या आमच्या मराठी मंडळींत बिनठिपक्याचा पृथ्वीगोल उरलेला नाही. दातांच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये मुलांसाठी लावलेला नकाशाही काकांनी सुधारून ठेवला आहे.

हा ठिपका म्हणजे चागोस. ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात मी "चागोस कुठे आलं, काका?" असं विचारून बसलो. भूगोलाशी माझा संबंध शाळेतल्या पस्तीस मार्कांपुरता. माझ्या पानातला भात गार झाला, पण काका थांबले नाहीत.

"कन्याकुमारीवरून सरळ खाली पोहत सुटायचं. मालदीव लागेल, तिथे थांबायचं नाही, हनिमूनवाल्यांची गर्दी असते. आणखी खाली जायचं. प्रवाळाची बेटं आहेत, पाण्यातून जेमतेम डोकं काढलेली. फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणून नारळ लावले. मग इंग्रज आले. त्यांनी गुलामगिरी बंद केली आणि त्याच माणसांना त्याच झाडांखाली मजूर म्हणून उभं केलं! मॉरिशसचे दिवे त्या खोबरेलावर जळायचे. आणि मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायची वेळ आली, तेव्हा साहेबानं ही बेटं हळूच कापून खिशात घातली. सगळ्यात मोठं दिलं अमेरिकेला, विमानतळ बांधायला. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं बोटीत भरून परक्या धक्क्यावर उतरवली. त्यांची कुत्रीसुद्धा मारली, अरे! आणि वर जगाला सांगितलं, बेट रिकामंच होतं. रिकामं नव्हतं, रिकामं केलं!"

शेवटच्या वाक्याला टेबलावर मूठ. ताटं हलली.

हे वाक्य काकांना कुठेही पुरतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकला आमच्या मेधानं श्रीखंडाचं भांडं उघडलं आणि म्हणाली, "अय्या, रिकामं झालं?" कोपऱ्यातून काका गरजले, "झालं नाही, केलं! नवऱ्याची वाटी बघ." मी वाटी पाठीमागे नेली, पण उशीर झाला होता. ओक ट्री रोडवर शनिवारी पार्किंगची जागा दिसली, की शेजारच्या सीटवरून काका म्हणणार, "थांब. रिकामी जागा दिसली की आधी विचारावं, इथून कुणाला उठवलं?" मी विचारात पडेपर्यंत कुणीतरी मिनिव्हॅन घालतो.

वाण्याच्या दुकानातही तेच. नारळ कानाशी हलवून "कुठला?" एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "अंकल, नारियल है, उसका पासपोर्ट नहीं है!"

"त्याला नसेल तरी चालतं," काका म्हणाले. "माणसाकडे असूनही उपयोग नाही."

काका तरुणपणी डॉक्टर म्हणून मॉरिशसला गेले आणि तिथून नारळमळ्याच्या दवाखान्यावर, त्या मोठ्या बेटावर. मग अमेरिका. इथल्या एका हॉस्पिटलातून रिटायर झाले, काकू गेल्या, आणि आता एकटे असतात. एवढं आम्हाला ठाऊक होतं. न कळणारी गोष्ट एकच. हा माणूस सकाळ-संध्याकाळ साहेबाला आणि अमेरिकेला शिव्या मोजतो, पण त्यांच्या पिढीत नागरिकत्वाची शपथ सगळ्यांत आधी घेतली ती यानंच. आम्ही घेतली ती एअरपोर्टवरची रांग चुकावी म्हणून, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. काकांना विचारलं, तर म्हणायचे, "काम होतं."

इराकची लढाई सुरू झाली, त्या वर्षीची गोष्ट. टीव्हीवर त्या बेटाचं नाव सारखं यायचं, विमानं तिथून उडायची, आणि काका टीव्हीशी भांडायचे. त्याच सुमाराला मेधानं सेलमध्ये जगाचा भलामोठा, फ्रेमवाला नकाशा आणला. काच मात्र नव्हती. काकांनी पहिल्याच भेटीत ठिपका दिला. मेधाचा जो संताप झाला, तो सगळा मी ऐकला. काकांना एक शब्दही बोलली नाही. मग गणपतीच्या आदल्या दिवशी तिनं नेलपॉलिश रिमूव्हरनं ठिपका पुसला. ठिपका गेला, त्याच्याबरोबर समुद्रही गेला. तांदळाएवढा पांढरा डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, पानं मांडली. काका नकाशापाशी उभे.

"पुसलास, मेधा?"

"सॉरी काका, पण नवीन होता हो..."

सागर म्हणून नागपूरचा एक मुलगा नुकताच व्हिसावर आला होता. तोंडात मोदक घेऊन तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका. मिलिटरी बेसच तर आहे तिथं. कोणी राहतच नाही, तर ठिपका कोणासाठी?"

आता ते वाक्य येणार, मूठ आपटणार, म्हणून मी पाण्याचा तांब्या बाजूला घेतला.

"माझी मुलगी आहे तिथं," काका म्हणाले.

मी तांब्या परत जागेवर ठेवला.

"तिथंच झाली. तापानं गेली. दवाखान्यात डॉक्टर मीच होतो. बारसंही व्हायचं होतं. एवढ्याशा बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत. मळ्यातल्या लोकांनी त्यांच्या कबरस्तानात जागा दिली. बायकांनी भोवती शिंपले लावले. आम्ही निघालो तेव्हा म्हणाल्या, जा तुम्ही, आम्ही बघू हिच्याकडे." काकांनी चष्मा काढला. "मग त्यांनाही उचलून नेलं. अमेरिकेचा तळ आहे ना, म्हटलं, अमेरिकन झालो की सोडतील. बायकोला म्हणालो, दोघं जाऊन येऊ. अर्ज केले. फक्त सैनिकांना परवानगी म्हणे! हीसुद्धा गेली वाट बघून. त्या धावपट्टीला माझा टॅक्स चालतो. मी चालत नाही!"

मूठ वर गेली होती. टेबल जवळ नव्हतं. ती तशीच खाली आली.

मला असा संताप आला की काय सांगू. पण तो काढायचा कुणावर? समोर फक्त सागर होता, आणि त्यानं उरलेला मोदक कधीच ताटात ठेवून दिला होता.

मेधा उठली. फोनजवळचं पेन आणून काकांपुढे धरलं. "काका, नेमकं कुठे ते दाखवा. मला नीट माहीत नाही."

इतरांच्या नकाशांवर काका पापणी लवायच्या आत ठिपका मारतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. पेनचं टोक त्या पांढऱ्या डागावर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं.

"मोठा द्या, काका," मेधा म्हणाली. "लांबून दिसेल असा."

"नको गं," काका म्हणाले. "लहानच देतो. ती लहानच होती."