संसर्गाची पाटी

कवडूभाऊंचे डोळे बुधवारी आले आणि रविवारी त्यांच्या लेकीचे, खुशीचे, साक्षगंध होते. नवरा मुलगा सोमवारी नोकरीसाठी परदेशी निघणार होता, त्यामुळे साखरपुड्याची तारीख हलली तर थेट पुढच्या वर्षात जाऊन पडणार होती. खुशीची रवानगी वरच्या खोलीत झाली, वडिलांची समोरच्या खोलीत, आणि जिन्यावर आई इंदुताई सीमेवरच्या जवानासारख्या बसल्या.

"लाल डोळे घेऊन साक्षगंधाले कोणी दिसलं, तर पोरीचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "घरात कोणाले येऊ देऊ नोका."

हे बोलायला सोपे होते. हुडकेश्वरच्या त्या गल्लीत आजारी माणसाला पाहायला जायची रीत आहे. आजार विसरतात, कोण आले नाही ते विसरत नाहीत.

कवडूभाऊ निवृत्त लाइनमन. आयुष्यभर त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर 'धोका' लिहिलेल्या पाट्या लावल्या. पाटी वाचून माणूस थांबतो यावर त्यांची श्रद्धा होती. त्या पाट्यांखाली लोक कपडे वाळत घालत, हे त्यांनी कधी मनावर घेतले नाही. त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'डोळे आले आहेत. कृपया येऊ नये.'

चहा व्हायच्या आत शेजारचे रुपराव गुलाबजल घेऊन हजर.

"पाटी नाही दिसली का गा?" कवडूभाऊंनी विचारले.

"दिसली ना! म्हणून तर आलो. नाही तर आम्हाले कसं कळलं असतं?"

त्यांच्यामागे आणखी चौघे होते.

"अवो, 'डोळे आले' म्हटलं की पाहुणे आल्यासारखं वाटते," इंदुताई जिन्यावरून म्हणाल्या. "जरा जबर शब्द लिहा."

दुसऱ्या दिवशीच्या पाटीवर 'संसर्गजन्य नेत्ररोग' होता. गल्लीने तो मोठ्याने वाचला आणि ती गंभीर झाली. डोळे येणे वेगळे, रोग होणे वेगळे. रोग म्हटल्यावर रिकाम्या हाताने जाता येत नाही. गल्लीतल्या सिंधूताई डबाभर खिचडी घेऊन आल्या, त्याही काळा चष्मा लावून.

"संसर्ग हाये म्हणे, म्हणून काळजी घेतली," त्या दाराच्या चौकटीला म्हणाल्या.

काळजी सगळ्यांनीच घेतली होती. पडदे लावलेल्या खोलीत काळे चष्मे घालून बसलेल्यांपैकी कोणालाच काही दिसत नव्हते. रुपराव कवडूभाऊंच्या पायावर बसून कवडूभाऊ कुठे आहेत असे विचारत होते.

शुक्रवारी कवडूभाऊंनी लाल रंग काढला. 'साथ! लागण होईल!' आणि खाली जुन्या सवयीने कवटी.

'साथ' म्हटल्यावर ती खाजगी गोष्ट राहिली नाही. बाजूच्या गल्लीचाही हक्क लागला. कोणीतरी फोन केला, संध्याकाळी धूर फवारणारी गाडी आली आणि अख्खी गल्ली पांढरी करून गेली. धुरापासून वाचायला लोक जे दार उघडे दिसले त्यात घुसले. उघडे दार कवडूभाऊंचे होते.

त्या गर्दीत कोणीतरी त्यांचे डोके मागे धरले आणि डोळ्यांत औषध टाकले. हात कोणाचा ते कळले नाही. थेंब मात्र बरोबर पडले.

शनिवारी कवडूभाऊंचे डोळे स्वच्छ झाले. खुशीचेही पांढरेशुभ्र होते. रुपरावांचा फोन आला.

"आम्ही उद्या येत नाही गा. गल्लीत सगळ्यायचे डोळे लाल हायेत."

बुधवारपासून हेच ऐकायला कवडूभाऊंचे कान आतुर होते. आता ऐकले, तर ते फोनवरच ओरडले.

"काहून नाही येत?"

"लागण होते ना! तूच तर लिहून राहिला होता."

रविवारी उमरेड रोडवरच्या हॉलमध्ये अंगठ्या घालून झाल्या. कवडूभाऊ दारात आले, तर रस्त्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर अख्खी गल्ली उभी. इस्त्रीचे कपडे, काळे चष्मे. साक्षगंधात अक्षता टाकत नाहीत; पण एवढ्या दुरून दुसरे काय टाकणार? अक्षता वाऱ्याने उमरेडच्या एसटीत गेल्या. ज्या कोणा प्रवाशांवर पडल्या असतील, त्यांचा संसार सुखाचा होवो.

कवडूभाऊंनी ताटे वाढून घेतली आणि स्वतः रस्ता ओलांडून नेऊ लागले. प्रत्येकाला विचारत होते, "आता कसं वाटते गा? ठणकते का?"

तिसऱ्या फेरीला मुलाच्या आईने, मधुवंतीबाईंनी, त्यांना गाठले.

"भाऊ, ते चष्मेवाले कोण हायेत?"

"आमच्या गल्लीचे. मले पाहाले आले, अन् माह्याच्यानं लागण झाली त्यायले. पोरीले होऊ नये म्हणून तिकडं थांबले." त्यांचे डोळे पुन्हा लाल झाले, पण हा प्रकार वेगळा होता.

"अन् आपण इकडं पंख्याखाली जेवून राहिलो?" मधुवंतीबाईंनी पदर खोचला आणि जिलेबीचे ताट उचलले. "आजारी माणसाले पाहाले जा लागते."

कवडूभाऊंनी त्यांना अडवायला तोंड उघडले. पण जबर शब्द सगळे पाट्यांवर वापरून झाले होते. त्यांनी पाण्याचा जग उचलला आणि विहीणबाईंच्या मागे निघाले.