फेर्माता मुक्कामीची लढाई

संत व्हेनेरा कृपावंत.

इटली मुलखी, बाझिलिकाता प्रांती, डोंगरमाथ्यावरील रोक्कामेर्ला गावच्या एकोणीस असामींच्या वाद्यपथकाने भर ऑगस्टच्या उन्हात कैसा पराक्रम केला, शत्रूचे बेचाळीस असामी रक्ताचा थेंब न सांडता कैसे मुलखाबाहेर घालविले, आणि ते समयी बड्या ढोलाच्या सरनौबत युफेमियाबाई लोपार्दो यांनी कैसी शर्थ केली, हे ज्यांनी ऐकिले त्यांचे कान अद्याप गुणगुणत आहेत. सबब बहिरेपण येण्याआधी सारे कागदी घातले असे.

वहिवाट पूर्वापार ऐसी की, संताच्या उत्सवी दुपारचा बारावा ठोका पडते समयी चौकातील चौथऱ्यावर ज्या पथकाची पावले, त्या पथकाची वर्षभर सत्ता. आणि शेजारील मोंतेग्रीफोकरांनी लागोपाठ दोन वर्षे चौथरा मारिला होता, कारण की त्यांचे पाय तरुण आणि त्यांची बस थेट गावात येई. मग नगराध्यक्षांचा खलिता आला की, यंदाही चौथरा गेलिया पथक बरखास्त, आणि तालमीची खोली कचरागाडीस बहाल. बाईंचे वय अडुसष्ट, ढोल वडिलांपासून चालत आलेला, आणि त्या खोलीवाचून त्यांना दुसरे सुख ठाऊक नाही. खलिता वाचोन बाई तीन दिवस धड जेवल्या नाहीत, आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, "कचरागाडी? माझ्या ढोलाच्या जागी? मरेन पण देणार नाही!"

पथकाचे सेनापती ऑस्ट्रियाहून आलेले ओटोकार मास्तर. मास्तरांची विद्या अफाट, परंतु इटलीची भाषा ते स्वरलिपीच्या कागदांवर वादकांसाठी लिहिलेल्या इटालियन सूचनांवरूनच शिकले. सबब पाववाल्याकडे जाऊन "पाव द्या, हळुवारपणे, पण आवेशाने" ऐसे मागत, आणि पाववाला तैसाच देई.

या मास्तरांनी उत्सवाकारणे सकळ युरोपच्या सात शतकांचा एक मोर्चा रचिला. त्यात आघाडीस मठातील साधूंचे एकसुरी स्तोत्र. त्यामागे तो प्रकार, ज्यात एक सूर निघतो आणि दुसरा त्याची नक्कल करीत पाठीस लागतो आणि तिसरा दुसऱ्याच्या पाठीस, आणि ज्याचे नावच त्या मुलखात 'पळ काढणे' ऐसे पडते, सबब पहिल्या तालमीस ट्रॉम्बोनवाले बार्तोलो खाटीक "कोण पळालं? कुठं?" म्हणोन दारापावेतो धावले. मग झालरी-वेलबुट्टीचे दरबारी सूर, मग नीट पावले मोजणारे, मग उसासे आणि हुंदके, ज्यात बार्तोलो खरेच रडले. आणि शेवटी आधुनिक शतक, ज्यात चाल नाही, मेळ नाही, प्रत्येकाने आपले ते वाजवावे. हे मात्र पथकाने पहिल्याच झटक्यात साधिले, कारण की चाळीस वर्षे ते तेच वाजवीत होते.

उत्सवाच्या सकाळी मास्तरांचा हुकूम सुटला की, हुंदके संपता फेर्माता येईल, तेथे सर्वांनी हाती असेल तो सूर धरोन जागीच ठाकावे. मी हात खाली करीपावेतो कोणी सूर सोडू नये, पाऊल हलवू नये. मग आधुनिक शतक वाजवीत एकदम चौथऱ्यावर चालून जावे.

आता येथे मेख ऐसी. सुरावर भुवई आणि त्याखाली टिंब, म्हणजे सूर हवा तितका लांबवावा, या चिन्हास सारे जग फेर्माता म्हणते; परंतु खुद्द इटलीत त्यास 'मुकुट' म्हणतात. आणि फेर्माता म्हणाल तर औषधाच्या दुकानासमोरील बसथांबा, जेथे ते नाव खांबावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. हुकूम ऐकोन बाईंचे डोळे लकाकले. बार्तोलोस कोपर मारून म्हणाल्या, "बसथांब्यावर अडवायचंय त्यांना! बघ, परका माणूस, पण डोकं काय चालतंय!"

मग पथकाने खालच्या देवळापासून कूच केले, आणि मास्तर आघाडीस छडी उंचावून तंद्रीत चालले, आणि साधू, दरबारी, उसासे यथास्थित वाजले, आणि बसथांबा येताच एकोणीसच्या एकोणीस असामी एका सुरावर खिळोन उभे ठाकले. मास्तर एकटेच वळण घेऊन चौकात गेले.

इतक्यात मोंतेग्रीफोकरांची बस दाखल जाहली. तों पुढल्या दाराशी ट्युबाचे घंगाळाएवढे पितळी तोंड, मागल्या दाराशी बाईंचा ढोल, मधे बार्तोलोचा ट्रॉम्बोन. दार बाहेर उघडणारे, उघडेना. सर्वांच्या तोंडी वाद्ये, सबब बोलाचालीची सारी मदार एकट्या बाईंवर. हातांनी ढोल घुमवीत त्या उभ्या राहिल्या.

चालक जेरार्दोने मान बाहेर काढिली. "अगं मावशे, हो ना बाजूला! दार उघडायचंय!"

"उघड की, मी कुठं धरलंय? आमचा सूर चाललाय, तो संपू दे."

"कधी संपणार?"

"मास्तरांनी हात खाली केला की."

"आणि मास्तर कुठायत?"

बाईंनी पाहिले, तों मास्तर नाहीत. मोंतेग्रीफोकर अडकले खरे, परंतु बारा वाजता चौथऱ्यावर आपणही नाही, तर कचरागाडी ठरलेलीच. तरी ढोल थांबविला नाही. "येतील," म्हणाल्या.

मग शत्रूचे सेनापती सान्सानेल्ली, भरजरी डगला घालोन खिडकीत प्रकटले. "काय बाई, एकच सूर? दुसरा येत नाही वाटतं?"

"एकच धरलाय, पण एकोणीस जणांनी मिळून धरलाय! तुमच्यासारखे बेचाळीस जणांनी बेचाळीस नाही धरले!"

यावर ट्युबावाला हसू आवरता आवरता घुसमटला. तों मास्तर टोपी हरवोन धापा टाकीत परतले. "इथं का थांबलात, भारदस्तपणे, पण उत्कटतेने?"

"का म्हणजे? हुकूम तुमचाच ना! फेर्माता!" आणि बाईंनी हनुवटीने खांब दाखविला.

मास्तरांनी खांबावरील अक्षरे वाचिली. मग बस पाहिली, काचेस नाके लावलेले बेचाळीस चेहरे पाहिले, आणि मग बाईंचे अद्याप ढोल घुमविणारे दंड पाहिले. मग जन्मात प्रथमच त्यांनी सरळ भाषा बोलिली. "सोडू नका. अजून जोरात!"

आणि सूर ऐसा चढला की औषधवाल्याच्या बरण्या नाचू लागल्या, आणि जेरार्दोने रागाने भोंगा दाबिला तो नेमका त्याच सुरात मिळाला. बाराला तीन मिनिटे कमी होता जेरार्दो ओरडला, "माझी वेळ झाली! थांबा सोडून दार उघडायचं नाही, नियम आहे!" आणि आत सान्सानेल्ली "अरे थांब, थांब!" म्हणोन टाहो फोडीत असता बस बेचाळीस असामींसह उतरणीस लागली. पुढला थांबा कबरस्तानाचे फाटक, तीन किलोमीटर, आणि परतीस उभा चढ.

मास्तरांचा हात खाली आला. मग आधुनिक शतक ऐसे सुटले की बोलूच नये! पहिला ठोका पडला तेव्हा पथक वळणावर, सहाव्यास कारंज्याशी, नवव्यास चौथऱ्याच्या पायऱ्यांवर. आणि तेथे ढोल दोन खांबांत अडकला. "मला सोडा, तुम्ही चढा!" बाई ओरडल्या. "ढोलाशिवाय पथक कसलं, मावशी?" म्हणोन बार्तोलोने ट्रॉम्बोन फेकिला, आणि ढोल बाईंसकट आडवा करून वर लोटिला. बाराव्या ठोक्यास बाईंनी निजल्या ठायी टिपरू मारिले, आणि घंटा कोणती आणि ढोल कोणता, ते कोणास कळले नाही. मग बाई तेथेच बसोन ढसढसा रडल्या आणि रडता रडता हसल्या.

येणेप्रमाणे चौथरा फत्ते जाहला; नगराध्यक्षांनी खलिता आपल्या हातें फाडिला; मोंतेग्रीफोकर घामाघूम पोहोचले, त्यांस वांग्याची भाजी आणि थंड वाइन देऊन सन्मानिले; आणि बसथांब्याच्या खांबावर भुवई आणि टिंब रंगविण्यात आले.

जेवणावेळी मास्तर बाईंच्या कानी लागले की, फेर्माता म्हणजे मला बसथांबा अभिप्रेतच नव्हता. बाईंनी घास खाली ठेविला. "मास्तर, हे गावात कुणाला बोललात तर याद राखा! तुमची मसलत होती. अफाट मसलत. कळलं?" आणि तैसेच हेही फर्मान जाहले की, ही गोष्ट कोठेही लिहू नये. ते शिरसावंद्य मानोन आम्ही ती येथे लिहिली नाही.