जिभेने शिकलेलं रसायनशास्त्र

चंद्रहासराव अभिमानाने सांगत, की आपण रसायनशास्त्र जिभेने शिकलो. लहानपणी साताऱ्याच्या घरी न्हाणीघरात त्यांची प्रयोगशाळा होती. बाटल्यांना लेबलं नव्हती; कशात काय आहे ते चाखलं की कळायचं. डावी भुवई अर्धी जळून गेली ती तेव्हाच. पुढे लखनौच्या एका संस्थेत संशोधन करून ते निवृत्तही झाले, पण भुवई काही परत रुजू झाली नाही.

त्यांची लेक मुक्ता नुकतीच एम.एस्सी. झालेली. तिला लखनौतच, अलीगंजमधल्या त्यांच्या कॉलनीतल्या मुलांसाठी रविवारी रसायनशास्त्राचा छंदवर्ग काढायचा होता. हॉल मिळायला सेक्रेटरी हरिहरजींची सही हवी होती, आणि ते आज घरी प्रयोग बघायला येणार होते. प्रयोग एकच : सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, खायचा सोडा.

“याला प्रयोग म्हणतेस? तुझी आई यात ढोकळा करते.”

“बाबा, तुम्ही फक्त बसायचं. और भुवईची गोष्ट तो बिल्कुल नहीं.”

हरिहरजी आले. मुक्ताने त्यांना एप्रन, हातमोजे आणि गॉगल चढवला. बाटलीतला थोडा सिरका वाडग्यात ओतून त्याचे धोके सांगणारी दोन पानं वाचून दाखवली. आग विझवायचं लाल नळकांडं समोर ठेवून त्याची पिनही काढून दाखवली. हरिहरजींना इतका घाम फुटला की गॉगलवर वाफ धरली.

“बिटिया, यह वही सिरका है न, जो हम प्याज़ में डालते हैं?” असं विचारत त्यांनी पेन खिशात ठेवलं.

पेन आत जाताना पाहिलं आणि चंद्रहासरावांना राहवेना. लेकीचा वर्ग बुडत होता.

“कुछ नहीं होता, भाईसाहब,” म्हणत त्यांनी बाटली उचलून चांगला घोट घेतला.

पन्नास वर्षांत जीभ तीच राहिली होती. घसा मात्र निवृत्त झाला होता. असा ठसका लागला की ते लालबुंद होऊन हात झाडू लागले. धुकट गॉगलमधून हरिहरजींना दिसलं ते एवढंच, की समोर काहीतरी लाल धडपडतंय. आग! त्यांनी नळकांडं उचललं आणि दाबलं.

पांढरा धुरळा बसला, तेव्हा तिघेही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. त्या भुकटीत सोडाच होता. वाडग्यातला सिरका झकास फसफसत होता.

“यही प्रयोग था?” हरिहरजींनी गॉगल पुसत विचारलं.

“जी अंकल,” मुक्ता म्हणाली.

त्यांनी सही केली. फक्त खाली स्वतःच्या हाताने एक अट लिहिली.

त्या अटीमुळे रविवारी वर्गाचा पहिला फॉर्म असा भरला गेला : नाव, चंद्रहास. वय, एकसष्ट. पालकांची सही, मुक्ता.