माथ्यावरच्या रस्त्याचं जतन

एका जंगलात, डोंगराच्या सपाट, पाणथळ माथ्यावर, एक फरसबंदी रस्ता होता. कुणी बांधला? मुलांनो, मध्ये मध्ये विचारू नका. हजार-दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा राजाने बांधला. राज्य बुडालं, रस्ता तेवढा उरला.

उरला, कारण तिथे एक रीत होती. दगड हलताना दिसला की तो नीट बसवायचा आणि मगच पुढे व्हायचं. चिमाबाई साळिंदरीण यात फार काटेकोर. दोन्ही बाजूंना दलदल, पाय घसरला की कारभार आटोपला. शिवाय पलीकडच्या टोकाला तिची लेक राहायची. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले.

एकदा सिंहमहाराज फिरायला आले आणि रस्ता पाहून गहिवरले. "एवढा पुरातन ठेवा, आणि त्यावरून प्रजा चक्क चालते?"

लगेच जतन समिती नेमली. अध्यक्ष अर्थात कोल्हेसाहेब. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चिमाबाईला पकडलं.

"बाई, पुरातन दगडाला हात लावता?"

"हलतोय तो, साहेब."

"हलू दे. आता तो नियमाने हलतोय."

मग ठरलं, रस्त्याच्या रक्षणासाठी कडेने भिंत हवी. भिंतीला दगड हवेत. माथ्यावर दगड एकाच ठिकाणी होते. अस्वलांनी आठ दिवसांत सगळा रस्ता उपटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत घातली. भिंत दृष्ट लागण्यासारखी झाली. शेजारी नुसता चिखल. महाराजांनी नारळ फोडला.

त्याच दुपारी कावळ्याने निरोप आणला, लेकीला कळा सुरू झाल्या आहेत.

चिमाबाई धावत आली. "साहेब, मला जाऊ द्या."

"रस्त्यावरून जायला बंदी आहे."

"पण रस्ता आहे कुठे?"

"म्हणून तर बंदी कडक आहे."

चिमाबाईला रडूच फुटलं. लेक तिकडे एकटी, आणि इकडे हा शहाणा. मग तिने डोळे पुसले, नसलेला पदर खोचला आणि सरळ भिंतीवर चढली. कोल्हेसाहेब नियम चाळत बसले. भिंतीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. दिवस मावळायच्या आत चिमाबाईच्या मांडीवर नातू होता.

महिन्याभरात सगळं जंगल भिंतीवरून ये-जा करू लागलं. साहेबांना शंका आली.

"चिमाबाई, ही भिंत जुनी वाटते हो."

"छे हो साहेब," चिमाबाई म्हणाली, "कालपरवाची आहे. जतन करण्यासारखं काही नाही तिच्यात."

तात्पर्य : वारसा जरूर जपावा. मात्र वस्तू रोजच्या उपयोगाची असेल, तर तिचं वय साहेबांना सांगू नये.